खेळणी विकू नका, खेळ विका! सीताबर्डीच्या बाजारातून ३ ते ६ वर्षांच्या मुलांचा खेळवर्ग



व्हिडिओत आपण बर्डीच्या बाजारात फिरून खेळवर्गाचं साहित्य कसं जमवायचं ते पाहिलं. हिशेब, नियम आणि प्रत्येक खेळाची रीत मात्र लिहूनच समजते, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठ आहे, तो याच आठवड्यात करायचा आहे.

१. आधी ठरवा: तुमचा धंदा नेमका कोणता?

लहान मुलांसाठी काही करायचं म्हटलं की दहापैकी आठ जण एकच गोष्ट बोलतात: "सर, अ‍ॅक्टिव्हिटी किट बनवून विकतो." डब्यात मणी, रंग, लाकडी आकडे, वर छान स्टिकर, आणि ऑनलाइन विक्री. ऐकायला सोपं वाटतं. पण त्यात एक खड्डा आहे.

१ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू आहे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी बनवलेल्या वस्तूवर आयएसआय चिन्ह लागतं, आणि त्यासाठी भारतीय मानक ब्युरोचा परवाना घ्यावा लागतो. आयएस ९८७३ या मानकाप्रमाणे चाचण्या होतात: धारदार कडा, सुटणारे तुकडे, रंगातली घातक द्रव्यं वगैरे. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांच्या नोंदणीकृत उत्पादकांना यातून सूट आहे. घरी बसून डबे भरणारा नवा उद्योजक सहसा या दोन्हींत बसत नाही. नियम फक्त बनवणाऱ्याला नाही, विकणाऱ्यालाही लागू आहे. माल जप्त होऊ शकतो आणि दंड छोट्या धंद्याला झेपणारा नसतो.

मग काय करायचं? खेळणी विकण्याऐवजी खेळ विका. म्हणजे सेवा द्या. आठ-दहा मुलं, एक तास, घरात आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या वस्तू, आणि तुमची आखणी. पैसे मिळतात ते आखणीचे. भांडवल कमी, माल पडून राहत नाही, आणि एखादा खेळ चालला नाही तर पुढच्या शनिवारी बदलता येतो.

२. साध्या वस्तूंनी मुलं खरंच शिकतात का?

हा प्रश्न पालक विचारणारच, म्हणून उत्तर तुमच्याकडे तयार हवं.

जर्मनीत फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांना खेळातून शिकवणारी संस्था काढली. त्यांनीच तिला पुढे 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. १९०७ मध्ये रोममध्ये मारिया मॉन्टेसरी यांनी पहिलं बालगृह सुरू केलं आणि मुलाच्या हाताला काम देणारी साधनं घडवली. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. त्यांना तिथे येऊन मिळाल्या ताराबाई मोडक, ज्या त्याआधी काही वर्षं आपल्या विदर्भात, अमरावतीला राहत होत्या.

ताराबाईंनी पाहिलं की मॉन्टेसरीची साधनं महाग आहेत, खेड्यातल्या मुलापर्यंत पोहोचणार नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. सोबत अनुताई वाघ होत्या. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे ही त्यांची साधनं. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, हा अंगणवाडीचा विचार तिथे प्रत्यक्षात आला. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं.

आजचं सरकारी धोरणही हेच सांगतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ३ ते ६ वयासाठी ठरावीक पाठ्यपुस्तक नको, आणि या स्तरावर परीक्षा तर नकोच, असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे तुम्ही 'स्वस्तातलं काहीतरी' करत नाही आहात. जे करायला हवं तेच करत आहात.

३. पाच खेळ: साहित्य, रीत आणि काय पाहायचं

प्रत्येक खेळासाठी वहीत तीन रकाने करा: काय लागेल, मूल काय करेल, मी काय पाहीन. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पालकांना तुम्ही जे सांगणार आहात ते तिथून येतं.

*खेळ १: संत्र्याचा तास*

नागपुरात राहून संत्रं वापरलं नाही तर काय वापरणार? आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल. प्रत्येक मुलाला एक संत्रं. आधी डोळे मिटून वास. मग हाताने साल काढायची, तुम्ही फक्त वरून थोडी चीर देऊन ठेवायची. फोडी मोजायच्या. "तुझ्या संत्र्यात किती? हिच्यात किती?" प्रत्येकात आकडा वेगळा निघतो आणि मुलं आपोआप तुलना करू लागतात. मग एक फोड शेजाऱ्याला द्यायची. बिया तुम्ही आधी काढून घ्या.

काय पाहायचं: अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट नीट होते का. हीच चिमूट पुढे पेन्सिल धरते. "लिहायला कधी शिकवणार?" असं विचारणाऱ्या आईला हा एक मुद्दा पुरतो.

*खेळ २: छोटी बर्डी*

दुकान-दुकान खेळ. खर्च जवळजवळ शून्य. पालकांना सांगा, घरातले रिकामे डबे, चहाची पाकिटं, जुनी पर्स आणा. एक साधा तराजू, कागदाच्या नोटा. तीन 'दुकानं' मांडा: भाजीचं, कापडाचं, चपलांचं. अर्धी मुलं दुकानदार, अर्धी गिऱ्हाईक. दहा मिनिटांनी अदलाबदल. भाजीच्या दुकानात खरा सांबार ठेवा (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात), मेथी, कढीपत्ता ठेवा. वासावरून ओळखायला सांगा.

काय पाहायचं: मूल रांगेत थांबतं का, "कितीला दिलं?" असं पूर्ण वाक्य बोलतं का, जड-हलकं समजतं का. बर्डीत आईबाबांसोबत फिरताना जे पाहिलं ते मुलं इथे करून दाखवतात. भाव करणारं एखादं पोर असतंच, त्याला थांबवू नका.

*खेळ ३: चिंध्यांची पेटी*

बर्डीच्या गल्ल्यांमध्ये कापडाची दुकानं आहेत, आणि दुकानांभोवती शिंपी. दुकानदाराला नीट विचारलं, तर कटपीस आणि चिंध्या फुकट किंवा नाममात्र पैशात मिळतात. खादी, मखमल, सॅटिन, गोणपाट, स्वेटरचा तुकडा अशी प्रत्येकाची जोडी हवी. तळहाताएवढे तुकडे कापा, गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा. एक तुकडा पिशवीत, जोडीचा तुकडा बाहेर. मुलाने न पाहता, हाताने चाचपून जोडी लावायची.

काय पाहायचं: मऊ, खरखरीत, गुळगुळीत, बोचरं असे शब्द मूल स्वतः वापरतं का. शब्द तुम्ही पुरवा, पण आधी वाट पाहा.

*खेळ ४: कणकेचा कारखाना*

कणीक, मीठ, थोडं तेल. रंगासाठी हळद, बीट, पालक. मुलं गोळे करतात, वळ्या करतात, तोडतात, जोडतात. "पाच लहान लाडू आणि एक मोठा" अशी ऑर्डर द्या. सहा वर्षांचं मूल स्वतःच्या नावाचं अक्षर कणकेच्या वळीने करतं. तीन वर्षांचं नुसतं दाबतं. दोन्ही बरोबर. गव्हाची अ‍ॅलर्जी असलेलं मूल असेल तर तांदळाचं पीठ घ्या. आणि हे फॉर्मवरच विचारून ठेवा.

*खेळ ५: तान्हा पोळा*

हा खेळ नागपूरच्या उद्योजकाला हातात मिळालेला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे लहान मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. नागपूरकर रघुजीराजे भोसले (दुसरे) यांनी ही प्रथा सुरू केली असं सांगतात. पोळ्याआधी बाजारात लाकडी बैलांची दुकानं लागतात, आणि बहुतेक घरांत आजोबांनी घेतलेला एखादा बैल असतोच.

तुम्ही बैल विकू नका. मुलांना घरचा बैल आणायला सांगा. तुम्ही द्या झूल शिवायला चिंध्या, हारासाठी झेंडूची फुलं आणि कपाळाला लावायला ओली हळद. तीन-चार वर्षांच्या मुलांना सुई नको, दोरी ओवायला मोठी भोकं पाडलेलं कापड द्या. मग गोलात बसून प्रत्येकाने आपल्या बैलाची ओळख करून द्यायची: नाव काय, खातो काय, काम काय करतो. पोळ्याला मोठी माणसं झडत्या म्हणतात, तशी मुलांना स्वतःची दोन ओळींची झडती रचू द्या. शेवटी छोटी मिरवणूक आणि बोजारा म्हणून खाऊ.

काय पाहायचं: अनोळखी माणसांसमोर मूल किती बोलतं. जे मूल स्वतःबद्दल बोलायला लाजतं ते बैलाबद्दल भरभरून बोलतं.

४. एका तासाची आखणी

- पहिली १० मिनिटं: मोकळा खेळ. मुलं एकेक करून येतात, जागेला सरावतात.
- पुढची १० मिनिटं: गोल. गाणं, टाळ्या, आज काय करायचं ते.
- २५ मिनिटं: मुख्य खेळ.
- १० मिनिटं: आवरणं आणि गोष्ट. आवरणं हासुद्धा खेळाचाच भाग आहे, मदतनिसावर टाकू नका.
- शेवटची ५ मिनिटं: पालकांशी बोलणं. प्रत्येक मुलाबद्दल एक पाहिलेली गोष्ट सांगा. "छान होता" हे नको. "आज त्याने न सांगता डावी-उजवी चप्पल जोडीने लावली" असं हवं.

त्या एका वाक्यासाठी पालक पुढच्या शनिवारी परत येतो.

५. हिशेब

खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या भागातलं भाडं आणि भाव घालून स्वतःचा हिशेब करा.

समजा ८ मुलं, प्रत्येकी फी २५० रुपये. जमा: २,००० रुपये.

खर्च:
- हॉल (तासाने): ४००
- मदतनीस: ३००
- छपाई, फोन: ६०
- टिकाऊ पेटीचा हप्ता (३,००० रुपयांची पेटी, ३० सत्रं): १००
- संपणारं साहित्य, मुलामागे ३०: २४०

एकूण १,१०० रुपये. उरले ९००.

आता इथे थांबा. हे ९०० म्हणजे नफा नाही. तयारीचे २ तास, सत्राचा १ तास, आवराआवर आणि फोनचा १ तास, असे तुमचे ४ तास गेले. म्हणजे तासाला २२५ रुपये मजुरी. ती आधी स्वतःला द्या, मग नफ्याची भाषा बोला.

ना नफा ना तोटा कुठे? मूल आलं नाही तरी होणारा खर्च ८६० रुपये. एका मुलामागे साहित्य वजा जाता २२० रुपये हातात. ८६० भागिले २२०, म्हणजे ४ मुलं. चारपेक्षा कमी मुलं असतील तर सत्र पुढे ढकला. मुलं १२ झाली तर दुसरा मदतनीस घ्यावाच लागतो (आणखी ३००), तरीही १,४८० उरतात. त्यापुढे गर्दी वाढवू नका, दुसरी बॅच काढा. एका मोठ्या माणसामागे पाच-सहा मुलं, हे प्रमाण मोडलं की मुलाकडे पाहणं थांबतं. आणि पाहणं हाच तर आपला माल आहे.

फी एकेका सत्राची घेऊ नका. चार शनिवारांचा संच ठेवा. पहिल्या दिवशी मूल रडतं, दुसऱ्या दिवशी बघत बसतं, तिसऱ्या दिवशी खेळतं. एका सत्रात पालकाला काहीच दिसत नाही.

६. जागा आणि वेळ

बर्डीच्या मेन रोडवर दुकान भाड्याने घ्यायच्या फंदात पडू नका. तिथलं भाडं कपड्याच्या दुकानाला परवडतं, आपल्याला नाही. साहित्य बर्डीतून घ्या, वर्ग आतल्या शांत गल्लीत भरवा. धंतोली, रामदासपेठ जवळच आहेत. संगीत वर्गाची सकाळी रिकामी असलेली खोली, सोसायटीचा हॉल, वाचनालयाचा हॉल असं तासाने मिळणारं काहीही चालेल. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डी इंटरचेंजला मिळतात, त्यामुळे लांबचे पालकही येऊ शकतात. जाहिरातीत स्टेशनपासून चालत किती मिनिटं ते लिहा.

वेळ सकाळची. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी कोण लेकरू घेऊन येणार? उन्हाळ्यात ८ ते ९, हिवाळ्यात १० ते ११.

७. इथे तडजोड नाही

हा भाग दोनदा वाचा. बाकी सगळ्यात चूक झाली तर पैसे जातात, इथे चूक झाली तर मूल जातं.

- घशात अडकणाऱ्या वस्तू. खेळण्यांच्या चाचणीत सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाला धोक्याची. टॉयलेट रोलची रिकामी नळी जवळ ठेवा, त्यातून आरपार जाणारं काहीही लहान भावंडांच्या हाती नको. चिंचोके, मणी, कंचे, शेंगदाणे सगळे यात आले. तिनाच्या पुढच्या मुलांनाही हे समोर बसूनच द्या.
- बटण-सेल, चुंबकाचे छोटे तुकडे, पाण्यात फुगणारे मणी: अजिबात नाही. पोटात गेले तर आतून इजा करतात.
- खोलीत नेहमी दोन मोठी माणसं. मदतनिसाची पोलीस पडताळणी करून घ्या.
- पहिले चार शनिवार पालक खोलीत किंवा दाराबाहेर. नंतर मूल सोडून जायचं असेल तर ओळखकार्ड असलेल्या माणसाच्याच हाती द्या. "मी त्याचा काका" हे पुरेसं नाही.
- फोटो काढण्याआधी लेखी परवानगी. मुलाचं नाव टाकून फोटो कुठेही लावू नका.
- फॉर्मवर अ‍ॅलर्जी, औषधं आणि दोन फोन नंबर. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या. घशात वस्तू अडकली तर काय करायचं ते हाताने करून शिका, व्हिडिओ पाहून नाही.

८. कागदपत्रं

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. पेटीसाठी पैसे कमी पडत असतील तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज आहे. पण आपल्या ३,००० च्या पेटीसाठी कर्ज कशाला?

रोजची नर्सरी चालवायची असेल तर नियम वेगळे, ते शिक्षण विभागात विचारा. पुढे कधी किट विकायचंच ठरलं, तर आधी भारतीय मानक ब्युरोच्या नागपूर शाखेत जाऊन बोला, मग डबे छापा.

९. पालकांचे तीन प्रश्न

*"एबीसीडी कधी शिकवणार?"* उत्तर: "ताई, आधी बोटं तयार करतो. संत्रं सोलणारा हात पेन्सिल लवकर धरतो. अक्षरं गोष्टीतून येतातच, पण गिरवायला लावत नाही."

*"घरीच करू की हे, पैसे कशाला?"* उत्तर: "नक्की करा, कसं करायचं ते मी लिहून देतो. इथे त्याला आणखी सात मुलं मिळतात, ती घरी कुठून आणणार?" लपवू नका. घरी खेळ करणारा पालकच तुमचा सगळ्यात पक्का ग्राहक होतो.

*"याने बुद्धी किती वाढेल?"* उत्तर: "तसं वचन मी देत नाही." जाहिरातीतही लिहू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो, आणि तेवढ्यापुरतं नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या नावावर खोटं बोलून उभा केलेला धंदा टिकत नाही.

१०. या आठवड्याचा गृहपाठ

१. पाचपैकी एक खेळ निवडा. तीन रकान्यांत लिहून काढा.
२. बर्डीत एक फेरी मारा. ५०० रुपयांच्या वर खर्च करायचा नाही. प्रत्येक वस्तूचा भाव वहीत.
३. शेजारची, नात्यातली चार मुलं बोलवा. फी नाही. एक तास खेळ घ्या. मध्ये मध्ये शिकवू नका, पाहा.
४. प्रत्येक मुलाबद्दल एक वाक्य लिहा आणि त्याच्या आईबाबांना सांगा.
५. त्यांना विचारा: "पुढच्या शनिवारी २५० रुपये देऊन पाठवाल का?" चारपैकी दोन जण लगेच हो म्हणाले तर हॉल शोधायला लागा. नाही म्हणाले तर खेळ नाही, ते चौथं काम पुन्हा तपासा. बहुतेक वेळा वाक्य गुळमुळीत असतं.

पुढच्या भागात आपण चार शनिवारांच्या संचाची जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर कशी लिहायची ते पाहू. तोपर्यंत बर्डीची फेरी राहू देऊ नका. भेटूया!